खरं वजन

यंदा थंडी उशिरा आली, पण मटार वेळेवर आला. परवा नारायण पेठेतल्या त्या छोट्या हॉटेलच्या दारात फळ्यावर खडूने ‘आजपासून मटार उसळ’ लिहिलेलं दिसलं आणि मी पायरीवरच थांबले. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. आसपासच्या दुकानांतली, कचेऱ्यांतली माणसं डिसेंबरपासून त्या तीन शब्दांची वाट बघत असतात. मलाही ती उसळ आवडते. हिरवी मिरची, आलं, वरून ओलं खोबरं, आणि दाणा असा शिजलेला की जिभेने दाबला तरी विरघळावा, पण ताटात मात्र अख्खा. तरी तो वास आला की माझा हात आधी पर्स चाचपतो. फाइल घेतली का, पाण्याची बाटली घेतली का, जास्तीचा रुमाल आहे ना. चार वर्षं झाली त्या हिवाळ्याला, पण हाताला ते कोण सांगणार.

त्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. बाबांचं नारायण पेठेत वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दहा बाय आठची जागा, समोर एक लाकडी बाक, भिंतीवर पारडी टांगलेली. वाण्यांचे काटे यायचे, सोनारांचे नाजूक काटे काचेच्या पेटीतून यायचे, रद्दीवाल्यांचे दांडीचे काटे यायचे. तंबाखूची डबी खिशात आणि डोळ्याला भिंग, अशी त्यांची चाळीस वर्षं गेली. सासूबाई गेल्या, बाबांचे गुडघे जिना चढेनासे झाले, तेव्हा ते दुकान बंद करून धायरीला आमच्याकडे राहायला आले. आपल्याला पेठेतून उचलून धायरीला आणलं ते सुनेने, असं त्यांचं ठाम मत होतं. फ्लॅट माझ्या शाळेजवळ होता, तेवढा पुरावा त्यांना पुरत होता. ते तसं कधी बोलले नाहीत. फक्त कुणी पत्ता विचारला, की “हिच्या शाळेमागे” असं सांगायचे.

आठ वर्षं आम्ही एका घरात राहत होतो आणि आमचं बोलणं गॅस, दूध आणि गोळ्या यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. भांडण कधीच झालं नाही, कारण भांडायला लागते तेवढीही ओळख नव्हती. मध्ये प्रसाद असायचा, माझा नवरा. त्याच्याशी दोघंही बोलायचो आणि तेवढ्यावर घर चालायचं. त्या वर्षी त्याला कंपनीने दहा महिन्यांसाठी परदेशी पाठवलं होतं. गाठीचं निदान झालं तेव्हा तो फोनवर रडला. परत येतो म्हणाला. बाबांनी फोन माझ्या हातात देत सांगितलं, त्याला म्हणावं इथे येऊन काय किरणं तू देणार आहेस का.

किरणं रोज होती, शनिवार-रविवार सोडून, साडेसहा आठवडे. माझी शाळा सकाळची. साडेअकराला सुटायची. मी धावत घरी यायचे, खाली बाबा तयार होऊन उभे असायचे, पांढरा सदरा, त्यावर राखाडी जाकीट, डोक्याला मफलर. साडेबाराला त्यांचा नंबर असायचा. आत त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीदार मुखवटा होता. तो चेहऱ्यावर घालून टेबलाला घट्ट बसवायचे, म्हणजे मान हलत नाही आणि किरणं नेमकी गाठीवर पडतात. पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर, गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. मी विचारलं, त्रास झाला का. ते म्हणाले, माप चांगलं घेतलंय.

रिक्षात बसताना त्यांनी परस्पर रिक्षावाल्याला सांगितलं, आधी नारायण पेठ.

असं आम्ही त्या हॉटेलात पहिल्यांदा गेलो. म्हणजे मी पहिल्यांदा. त्यांच्या दुकानापासून ते दीडशे पावलांवर होतं आणि तिथल्या भिंतीकडच्या दुसऱ्या टेबलावर त्यांनी उभ्या जन्माची दुपारची जेवणं केली होती. आठ टेबलं, वर पांढऱ्या फरश्या, कोपरे झिजून पिवळे पडलेले. एकटा माणूस आला तर त्याला कुणाच्याही समोर बसवतात, कुणाची हरकत नसते. गल्ल्यावर मंगलताई. त्यांच्या वडिलांनी हे हॉटेल काढलं, पुढे भाऊ नको म्हणाले म्हणून त्यांनी घेतलं. वाढायला नामदेव. तो यवतमाळकडून वीस वर्षांपूर्वी आलेला, कोण काय खातो हे तो माणूस दारात असतानाच आत ओरडून सांगतो. त्या दिवशी बाबांना बघून तो ओरडला, “काटेवाले आले, उसळ-स्लाइस.” आणि माझ्याकडे बघून थांबला. बाबांनी सांगितलं, सून आहे, हिलाही तेच.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात चव गेली. बाबांनी उसळीचा घास घेतला, थांबले, पुन्हा घेतला आणि मंगलताईंना हाक मारून विचारलं, आज मीठ घातलंय का. घातलं होतं. आलं, मिरची, सगळं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान खाली घालून ताट संपवलं. माती खाल्ल्यासारखं लागतं, असं रिक्षात म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, बाहेर बघून.

तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले. लाळ आटली. आता गिळणं हे काम झालं. आपण घास गिळतो तेव्हा आपल्याला कळतही नाही. त्या टेबलावर बसून मला कळायला लागलं की घशाला किती पायऱ्या असतात. बाबा भाताचा छोटासा गोळा तोंडात घ्यायचे, वर पाण्याचा घोट घ्यायचे, डोळे मिटायचे. गळ्यावरचं हाड वर चढायचं आणि मध्येच अडकायचं. मी माझा घास हातात धरून बसायचे. ते हाड खाली आलं की मी खायचे. कधी ठसका लागायचा, चेहरा जांभळा व्हायचा, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायची. मी पाठीवर हात ठेवायला जायचे आणि ते कोपराने माझा हात बाजूला सारायचे.

आणि मला भूक लागलेली असायची. हे कुणाला सांगितलं नाही कधी. पहाटे पाचला उठलेली, सकाळभर वर्गात उभी राहिलेली, दीड वाजता मला सणसणून भूक लागायची, आणि आत भटारखान्यात मटार उसळ फोडणीला पडायची. समोर एक माणूस भाताशी झुंजतोय आणि मी दुसरा स्लाइस मागवतेय याची मला लाज वाटायची. एकदा मी नुसता चहा मागवला. बाबांनी नामदेवला बोलावून माझ्यासाठी पूर्ण ताट सांगितलं. मला म्हणाले, तू उपाशी राहून माझ्या घशातून काही खाली जाणार नाही.

मंगलताईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ताट बदलत गेलं. आधी उसळ वाटून गाळून आली. मग भात लापशीसारखा मऊ होऊन आला, त्यावर तूप. मग ताक, पण आंबट नसलेलं. फळ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसायचं. एक दिवस त्या स्वतः वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या हॉटेलात इतकं बिघडवून आजवर कुणाला वाढलं नव्हतं.” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पूर्वी तरी कुठे फार बरं असायचं.” त्या समाधानाने गल्ल्यावर जाऊन बसल्या. मला वाटतं, त्या महिन्यातलं ते सगळ्यांत आनंदाचं वाक्य होतं.

सोमवारी वजन व्हायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. सुरुवातीला बाबा अठ्ठावन्न किलो होते. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, बावन्नच्या खाली गेलात तर नाकातून नळी घालायची आणि जेवण त्यातून द्यायचं. वजन फार उतरलं तर चेहरा बारीक होतो, मुखवटा सैल बसतो, मान हलते आणि किरणं भलतीकडे पडतात. शक्ती पार गेली तर उपचार मध्येच थांबवावे लागतात, आणि थांबवले तर आतापर्यंतचे फुकट. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा काटा शेवटचा कधी तपासलात. डॉक्टरीणबाई हसल्या. बाबा हसले नाहीत.

पंचावन्न. मग चोपन्न. पाचव्या आठवड्याच्या सोमवारी त्रेपन्न पॉइंट चार. मी फाइलमध्ये आकडा लिहिला आणि मनात देवाचे आभार मानले. इतकं कमी खाऊन माणूस इतकाच उतरतो, याचं नवल वाटत होतं. कपडे तर त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखे दिसत होते.

त्याच दुपारी हॉटेलात बाबा हात धुवायला मोरीकडे गेले. भटारखान्याची धग येते म्हणून त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागून ते खाली पडलं. मी उचलायला वाकले आणि एका हाताने ते उचलेना. आतल्या खिशांत हात घातला. दोन्ही खिशांत एकेक, रुमालात गुंडाळलेलं, एक किलोचं पितळी वजन. आवाज होऊ नये म्हणून रुमालाला गाठसुद्धा मारलेली.

बाबा हात पुसत आले तेव्हा जाकीट माझ्या मांडीवर होतं. त्यांना कळलं. ते बसले, पाण्याचा पेला पुढे ओढला.

मी हळू आवाजात विचारलं, किती दिवस चाललंय हे.

“दोन आठवडे,” ते म्हणाले. “आधी अर्ध्या किलोचं होतं.”

म्हणजे ते एक्कावन्नवर होते. मी म्हणाले, उद्या डॉक्टरांना सांगावं लागेल. त्यांनी सांगितलं, काही सांगायचं नाही, तेरा दिवस राहिलेत, ते निघतील. मी मुखवट्याचं बोलले, किरणं भलतीकडे पडतील म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. पुण्यातली जुनी माणसं रागावली की एकदम अदबीने बोलायला लागतात.

“आपण डॉक्टर कधी झालात?”

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. पारड्याखाली चुंबक लावणाऱ्या दुकानदाराला त्यांनी एकदा बाकावरून उठवून बाहेर काढलं होतं, ही गोष्ट प्रसादने मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात अभिमानाने सांगितली होती. मी म्हणाले, “बाबा, तुमच्या दुकानात कुणी असं केलेलं तुम्ही चालवून घेतलं असतंत का?”

नामदेव वाढायला येऊन परत गेला. मग बाबांनी सासूबाईंचं नाव घेतलं. मी घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. शेवटच्या आजारात सासूबाईंना नळी घातली होती, हे मला माहीत होतं. त्या नको नको म्हणत होत्या, हात धरून ठेवावे लागले, आणि कागदावर सही बाबांनी केली होती, हे माहीत नव्हतं. नळी घातल्यावर अकराव्या दिवशी त्या गेल्या.

“नळी घातली की माणूस परत येत नाही,” बाबा म्हणाले. “मी पाहिलंय.”

मला म्हणायचं होतं, त्यांचा आजार वेगळा होता, तुमचा वेगळा. पण माझ्या मांडीवर दोन किलो पितळ होतं आणि ते मिनिटागणिक जड होत होतं. शेवटी मी जाकीट त्यांच्या हातात दिलं. आम्ही दोघंही न जेवता उठलो. मंगलताई आम्ही बाहेर पडेपर्यंत बघत राहिल्या.

संध्याकाळी प्रसादशी बोलले. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. लांबच्या माणसाला याहून वेगळं काय सुचणार, हे आता कळतं; तेव्हा मला त्याचा संताप आला होता. योग्य काय ते मला माहीतच होतं. मला भीती त्यानंतरची वाटत होती. त्या साडेतीन-चार आठवड्यांत, त्या टेबलावर, आमच्यात पहिल्यांदा काहीतरी तयार झालं होतं. बोलणं नव्हे, पण मी घास धरून थांबते हे त्यांना कळायचं आणि त्यांना ते चालायचं. ते मोडायचं होतं. आणि त्यांच्या मनात नळी म्हणजे मरण होतं. म्हणजे मी त्यांना नुसती नळी लावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी किरणांआधी मी डॉक्टरीणबाईंना भेटायचं आहे म्हटलं. बाबा शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांच्यामागे सांगणं सोपं होतं, पण मला ते जमलं नसतं. मी म्हणाले, “कालचं वजन खरं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी सावकाश जाकिटात हात घातला, एक वजन काढलं, रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर ठेवलं. मग दुसरं. त्या दिवशी वजनाचा वार नव्हता, तरीही ती खिशात होती. पितळ लख्ख घासलेलं होतं. मग ते स्वतःहून उठले आणि काट्यावर जाऊन उभे राहिले.

एक्कावन्न पॉइंट एक.

नळी घालताना मी बाहेर होते. पडद्याआडून खोकल्याचा, ओकारीचा आवाज येत होता. परिचारिकेने नंतर मला बोलावून शिकवलं: आधी पाणी, मग गाळलेलं पातळ अन्न, पिचकारी उंच धरायची, दांडा दाबायचा नाही, आपोआप उतरू द्यायचं, शेवटी परत पाणी. मी मान डोलवत होते. बाबा भिंतीकडे बघत होते. नळी नाकातून निघून गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती. त्यांनी मफलर वर ओढला आणि तोंड झाकून घेतलं.

रिक्षात बसल्यावर मी धायरी म्हणाले. बाबांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि सांगितलं, नारायण पेठ.

तेव्हा मला वाटलं, हे मला शिक्षा करताहेत. आजही मला नक्की सांगता येणार नाही. ते आत शिरले, भिंतीकडच्या दुसऱ्या टेबलावर बसले आणि मफलर काढून ठेवला. नामदेव दारातून ओरडायला तोंड उघडून तसाच राहिला. मंगलताई गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांनी नळीकडे पाहिलं, नजर चोरली नाही. मला विचारलं, काय चालतं. मी परिचारिकेने दिलेली यादी दाखवली. त्या यादी घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने मुगाच्या डाळीचं पाणी आलं, दोनदा गाळलेलं, कोमट. नामदेवने ते नेहमीच्या वाटीत आणलं आणि वाटी नेहमीच्या ताटात ठेवली. ताटात दुसरं काहीही नव्हतं.

मी पिशवीतून पिचकारी काढली. पहिलं पाणी टेबलावरच सांडलं. समोर बसलेले एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे, नीटनेटके, ताट बाजूला सारून मंगलताईंना म्हणाले, “अहो, इथे माणसं जेवताहेत. हे घरी करता येत नाही का?”

मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मनात हेच म्हटलं असतं. पण त्या क्षणी मी पिचकारी परत पिशवीत घालायला लागले. मंगलताई गल्ल्यावरूनच म्हणाल्या, “तेही जेवताहेत. तुम्हाला घाई असेल तर पलीकडच्या गल्लीत दोन हॉटेलं आहेत. उद्या या, नामदेव जागा धरून ठेवेल तुमच्यासाठी.”

आत कुकरची शिट्टी झाली. ते गृहस्थ ताट पुन्हा पुढे ओढून जेवायला लागले. मी पिचकारी धरली. बाबांनी माझ्या मनगटाखाली हात घातला आणि ते वर उचललं, काटा सरळ करावा तसं. पिवळं पाणी हळूहळू उतरत गेलं. बाबा डोळे मिटून बसले होते. अन्न पोटात पोचल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चव नाही, गिळणं नाही, पण ऊब पोचली होती.

पण ते बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. घरी कागदाचा तुकडा समोर सरकवायचे, ‘पाणी’, ‘दिवा बंद’. नामदेवशी बोलायचे, रिक्षावाल्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. आम्ही रोज जात होतो. मी रोज त्यांच्या नळीत डाळीचं पाणी, ताक, गाळलेली नाचणीची पेज सोडत होते आणि रोज त्यांच्यासमोर बसून मटार उसळ खात होते. माझ्या आयुष्यात इतकी शांत आणि इतकी कठीण जेवणं मी केली नाहीत. रात्री कूस बदलताना नळी निघाली तर, अन्न फुप्फुसात गेलं तर, अकरावा दिवस आला तर. हो, मी दिवस मोजत होते. मला ठाऊक होतं की तेही मोजत असणार.

पहिला सोमवार आला आणि गेला, वजन थोडंसं वर सरकलं होतं. त्याच आठवड्यात, बुधवारी, नळीचा नववा दिवस होता. किरणं आटपल्यावर बाबा स्वतः काट्याकडे वळले. त्यांनी जाकीट काढलं, मफलर काढला, चपला काढल्या, खिशातून किल्ली आणि सुट्टे पैसे काढून खुर्चीवर ठेवले, चष्मासुद्धा काढला. सदऱ्यात ते एखाद्या शाळकरी पोरासारखे दिसत होते. काट्यावर चढले, वाकून आकडा बघायचा प्रयत्न केला आणि चष्म्याशिवाय दिसेना म्हणून माझ्याकडे वळून म्हणाले, “किती ते बघ. आणि लिहून ठेव.”

बावन्न पॉइंट तीन. मी लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, ते पान अजून फाइलमध्ये आहे.

अकरावा दिवस शुक्रवारी होता. आम्ही हॉटेलात बसलो होतो, दोघांनाही माहीत होतं. पाऊण तासाने बाबा म्हणाले, चल, उशीर झाला.

किरणं संपली, नळी मात्र राहिली. ती फेब्रुवारीच्या शेवटी निघाली. तोवर मटारचा मोसम सरला होता, फळ्यावर दुसरंच काही लिहायला लागले होते. चव यायला आणखी वेळ लागला. मार्चमध्ये एका दुपारी बाबा चमच्याने कढी घेत होते आणि एकदम म्हणाले, “आंबट आहे.” मंगलताईंना ती तक्रार वाटली. आजचंच ताक आहे, त्या म्हणाल्या, आंबट असायचं कारण नाही. बाबा मान हलवत राहिले, नाही नाही, मला आंबट लागतंय. मग मंगलताईंना कळलं. त्या आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

प्रसाद आला, घर पुन्हा पूर्वीसारखं झालं, थोडंफार. बाबा अजून जेवतात ते प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेत, अर्ध्या ताटाला पाऊण तास. त्या दिवसांबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते विसरले असतील, असंही मला कधी कधी वाटायचं.

परवा फळ्यावरचे ते शब्द वाचले तेव्हा मी एकटी नव्हते. डॉक्टरीणबाईंनी फोन करून बाबांना विचारलं होतं, एका पेशंटशी बोलाल का. ते लोणी काळभोरचे जगन्नाथराव, त्यांची रोपवाटिका आहे. तीच गाठ, तिसरा आठवडा, आणि नळीचं नाव काढलं की उठून जातात. बाबा म्हणाले, दवाखान्यात नको, जेवायलाच बोलवा. म्हणून आम्ही चौघं त्या टेबलावर बसलो होतो. जगन्नाथराव, त्यांची मुलगी सारिका, बाबा आणि मी. जगन्नाथराव सांगत होते, घरी मी समदं खातो, दोन भाकरीचा काला खातो, नळीची गरज न्हाई. सारिका ताटाकडे बघत होती.

बाबांनी ऐकून घेतलं. घोट घेतला. मग सहज विचारलं, “कुत्र्याला घालता, का मोरीत?”

जगन्नाथरावांनी झटकन मुलीकडे पाहिलं.

“म्या काय बी सांगितलं न्हाई,” सारिका म्हणाली.

“तिने नाही सांगितलं. मीही केलंय,” बाबा म्हणाले. त्यांनी काय केलं होतं ते सांगितलं, वजनांसकट, काहीही न लपवता. जगन्नाथरावांनी विचारलं, घालताना दुखतं का.

“दुखतं. खोटं कशाला सांगू? पाच मिनिटं फार दुखतं.”

मग बाबा सारिकाकडे वळले. तिला म्हणाले, पोरी, तू आजच डॉक्टरांना सांगून टाक. वडील काही दिवस तुझ्याशी बोलायचे नाहीत, ते मनावर घेऊ नकोस.

“मी नऊ दिवस बोललो नव्हतो हिच्याशी,” ते म्हणाले. “त्यातले दोन-तीन रागाचे होते. बाकीचे, कशी सुरुवात करायची ते सुचेना म्हणून.”

नामदेव वाढायला येऊन उभा होता. मी ताटावर हात आडवा धरला. पोट भरलं होतं असं नाही, पण त्या वेळी माझ्या तोंडून साधं ‘नको’सुद्धा निघालं नसतं.